पोस्टाचं खातं पडतं केवढ्याला?

पोस्टाच्या खिडकीवर आज दोन बँका बसतात. एक १८८२ सालची, दुसरी २०१८ सालची. खिडकी एकच, पुष्कळ ठिकाणी पलीकडचा माणूसही तोच. त्यामुळे घराघरांत ‘आमचं पोस्टात खातं आहे’ एवढंच सांगितलं जातं, आणि कोणतं असं विचारलं की कपाटातून पासबुक काढायला उठावं लागतं. खर्चाचा हिशेब मात्र तिथूनच सुरू होतो. दोन्ही खात्यांचे दर वेगळे, नियम वेगळे आणि तक्रारीचं दारही वेगळं.

जुनी ती पोस्ट ऑफिस बचत बँक, म्हणजे डाकघर बचत बँक. ती डाक खातं चालवतं, कायदा १८७३चा आहे आणि ठेव थेट केंद्र सरकारकडे जाते. व्यापारी बँकेतल्या ठेवीला दर खातेदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. इथे सगळ्याच रकमेला सरकारची हमी आहे, मर्यादा नाही. नवी ती इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, बोलताना ‘आयपीपीबी’. तिची मालकीही पूर्णपणे सरकारची, पण परवाना रिझर्व्ह बँकेचा, आणि तोही पेमेंट्स बँकेचा. म्हणजे तिला कर्ज देता येत नाही, क्रेडिट कार्ड काढता येत नाही आणि दिवसअखेर खात्यात २ लाखांहून जास्त ठेवता येत नाहीत.

सिंगापूरमध्ये १८७७ साली सुरू झालेली पोस्टाची बचत बँक १९९८मध्ये डीबीएस या व्यापारी बँकेने विकत घेतली. आज त्याच जुन्या नावाखाली तिथे गृहकर्जही मिळतं. आपल्याकडे जुनी बँक होती तिथेच ठेवली आणि शेजारी नवी थाटली. पूर्ण व्यापारी बँक दोघींपैकी एकही नाही. दोघी मिळून पाऊण बँक होते, असं माझं मत. ही पाऊण बँक ग्राहकाला कुठे स्वस्त आणि कुठे महाग पडते, ते बघू. खालचे दर २०२५-२६ या आर्थिक वर्षातले आहेत.

तक्त्यावरचा खर्च

जुन्या बँकेत खातं उघडायला ५०० रुपये लागतात आणि तेवढी शिल्लक कायम ठेवावी लागते. बँकांसारखी दर महिन्याला सरासरी मोजून दंड लावण्याची पद्धत इथे नाही. ३१ मार्चला खात्यात ५००पेक्षा कमी असतील तर ५० रुपये कापले जातात, वर्षातून एकदाच. मात्र कापता कापता शिल्लक शून्यावर आली की खातं आपोआप बंद होतं. कोणत्याही सरकारी कल्याण योजनेत नाव असलेल्या प्रौढ व्यक्तीला २०२१पासून किमान शिल्लक नसलेलं मूलभूत बचत खातंही काढता येतं. खिडकीवर ते कोणी आपणहून सुचवेल अशी अपेक्षा ठेवू नका, नाव घेऊन मागा.

किमान शिलकीच्या मुद्द्यावर आता बँकाही नरमल्या आहेत. स्टेट बँकेने हा दंड २०२०मध्येच काढून टाकला. २०२५च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कॅनरा, बडोदा, पंजाब नॅशनल आणि इंडियन बँकेनेही तेच केलं. तेव्हा ‘पोस्टात दंड नाही’ हे जुनं आकर्षण पूर्वीएवढं राहिलेलं नाही.

बाकीचे दर किरकोळ वाटतील असे आहेत. वर्षात चेकची दहा पानं मोफत, पुढे पानाला २ रुपये. चेक वटला नाही तर १०० रुपये. पासबुक हरवलं तर दुसऱ्याचे ५०, खात्याचा उतारा हवा असेल तर २०. खातं एका पोस्टातून दुसरीकडे हलवायचं तर १००, आणि एखादी ठेव बँकेकडे तारण ठेवायची तर तिच्या नोंदीचे १००. वारसाचं नाव बदलायला पूर्वी ५० रुपये पडायचे, एप्रिल २०२५पासून ते मोफत झालं आहे. या एकाच कामासाठी मी प्रत्येकाला पोस्टात पिटाळीन. वारसनोंद नसली तर ५ लाखांपर्यंतचा दावासुद्धा सहा महिने थांबून, प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र देऊन मिळवावा लागतो. त्यापुढच्या रकमेला वारसा प्रमाणपत्र, म्हणजे कोर्ट फी आणि वकील.

खर्च खरा वाढतो तो एटीएम कार्डाने. कार्डाचे वर्षाला १२५ रुपये आणि जीएसटी, म्हणजे १४७ रुपये ५० पैसे. एसएमएसचे १२ रुपये, जीएसटी धरून १४ रुपये १६ पैसे. दोन्ही मिळून साधारण १६२ रुपये. कार्ड हरवलं तर नव्याचे ३०० आणि जीएसटी. पोस्टाच्या स्वतःच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत आहेत. पण ही यंत्रं मोजक्याच पोस्टांत आहेत, त्यामुळे पाळी दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर जाण्याचीच येते. तिथे मुंबईसारख्या महानगरात तीन आणि इतरत्र पाच मोफत. त्यापुढे कोणत्याही बँकेला व्यवहारामागे जास्तीत जास्त २३ रुपये आणि जीएसटी घेता येतो. ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ मे २०२५पासून घातली आहे.

हे १६२ रुपये वसूल होतात का? पोस्टाच्या बचत खात्यावर वर्षाला ४ टक्के व्याज आहे, आणि हा दर डिसेंबर २०११पासून हललेला नाही. स्टेट बँक जून २०२५पासून अडीच टक्के देते. फरक दीड टक्क्याचा. वर्षभर ५०,००० पडून राहिले तर पोस्टात २,००० मिळतील, स्टेट बँकेत १,२५०. कार्डाचे आणि एसएमएसचे पैसे वजा केले तरी पोस्ट जवळपास ५९० रुपयांनी पुढे राहतं. पण शिल्लक पावणेअकरा हजारांच्या खाली असेल तर कार्ड सगळी आघाडी खाऊन टाकतं. अशा खात्यावर कार्ड घेऊच नये. बँकेचं साधं डेबिट कार्डही फुकट नसतं. स्टेट बँक एप्रिल २०२४पासून साध्या कार्डाचे वर्षाला २०० आणि जीएसटी घेते. फुकट कार्ड हवं असेल तर बँकेत मूलभूत बचत खातं मागा. त्यात महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात, शिलकीची अट नसते आणि रुपे कार्डाचे पैसे पडत नाहीत.

पैसे पाठवण्यात मात्र पोस्टाने बरीच मजल मारली आहे. मे २०२२पासून पोस्टाच्या खात्यातून एनईएफटी आणि आरटीजीएस करता येतं. खिडकीवरून पाठवले तर १०,०००पर्यंत अडीच रुपये, १ लाखापर्यंत ५, २ लाखांपर्यंत १५, पुढे २५, आणि वर जीएसटी. आयएफएससी कोड देशभर एकच आहे: आय-पी-ओ-एस, मग चार शून्यं, मग डी-ओ-पी. ‘तुमच्या शाखेचा कोड कोणता?’ असं मुलाच्या कंपनीतून विचारलं तर हाच सांगायचा.

दहा तारखेचं गणित

वरचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, मागितला तर दाखवतात. मला जास्त महाग वाटतो तो खर्च कुठल्याच तक्त्यावर नसतो. तो तारखांमध्ये आहे.

बँका एप्रिल २०१०पासून बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. पोस्टात अजून जुनीच रीत आहे. महिन्याची १० तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. पेन्शनचे किंवा विक्रीचे ४५,००० रुपये ९ तारखेला भरले तर त्या महिन्याचे १५० रुपये मिळतात. तेच ११ तारखेला भरले तर त्या रकमेवर त्या महिन्याचं काही मिळत नाही.

काढतानाही तसंच. समजा खात्यात ६०,००० आहेत. लग्नघाईत २५ तारखेला ५०,००० काढले आणि पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला परत भरले. पैसे बाहेर राहिले दहा दिवस, पण बुडालं ५०,०००वरचं पूर्ण महिन्याचं व्याज, म्हणजे १६७ रुपये. अडीच टक्के देणाऱ्या बँकेत हेच दहा दिवस ३४ रुपयांना पडले असते. आता उलट बाजू बघा. तेच ५०,००० एक तारखेला काढले आणि ९ तारखेला परत भरले तर एक पैसाही बुडत नाही. बी-बियाण्यासाठी, फीसाठी पैसे फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पोस्टातून पैसे काढायचे तर महिन्याच्या सुरुवातीला, भरायचे तर दहाच्या आत. आणि हे व्याज जमा होतं वर्षातून एकदाच, आर्थिक वर्ष संपल्यावर.

व्याजाबाबत एक सवलत मात्र बँकवाल्यांकडे नाही. पोस्टाच्या बचत खात्यावरचं वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतचं व्याज एकट्याच्या खात्यात करमुक्त आहे, संयुक्त खात्यात ७,०००पर्यंत. नव्या करप्रणालीतही ही सूट टिकून आहे, आणि हीच गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ३,५०० रुपये व्याज म्हणजे ८७,५०० रुपये वर्षभर पडून. वेळप्रसंगासाठी बाजूला ठेवायचे पैसे एवढेच असतील तर पोस्टासारखी जागा नाही.

मासिक प्राप्ती योजनेतही अशीच एक फट आहे. ९ लाख ही एकट्याच्या खात्याची मर्यादा. ७.४ टक्क्यांनी दरमहा ५,५५० रुपये होतात. हे व्याज उचललं नाही तर ते नुसतं पडून राहतं, त्यावर व्याज मिळत नाही. त्याच पोस्टातल्या बचत खात्यात ते आपोआप वळतं करण्याचा अर्ज एकदा दिला की काम झालं. अर्ज न देता सहा-सहा महिन्यांनी एकदम पैसे उचलणारे आजी-आजोबा आपलंच नुकसान करून घेतात. दिवाळीला एकरकमी पैसे हातात येतात याचा आनंद मी समजू शकतो, पण तो बचत खात्यातूनही घेता येतो.

तीन आर्थिक वर्षं खात्यात काहीच व्यवहार झाला नाही तर ते ‘निष्क्रिय’ होतं. पुन्हा सुरू करायला अर्ज आणि नव्याने केवायसी. मुदतीच्या ठेवींबाबत नियम २०२५मध्ये कडक झाला आहे. मुदत संपून तीन वर्षं झाली आणि पैसे उचलले नाहीत, तर ते खातं गोठवलं जातं. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ही छाननी होते. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं जुनं प्रमाणपत्र असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढा.

मुदतीआधी मोडलं तर

मासिक प्राप्ती योजनेचं खातं पहिल्या वर्षात मोडता येत नाही. एक ते तीन वर्षांत मोडलं तर मुद्दलातून २ टक्के, तीन ते पाच वर्षांत १ टक्का. ९ लाखांचं खातं दोन वर्षांनी मोडणाऱ्याचे १८,००० जातात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं सगळं व्याज परत घेतात, दुसऱ्या वर्षात दीड टक्का, त्यानंतर एक टक्का.

सगळ्यात जड पडते पाच वर्षांची मुदत ठेव. १० नोव्हेंबर २०२३नंतर काढलेली अशी ठेव चार वर्षांआधी मोडताच येत नाही. त्यानंतर मोडली तर साडेसात टक्क्यांऐवजी बचत खात्याचा ४ टक्के दर लागतो आणि आधी दिलेलं जास्तीचं व्याज मुद्दलातून वळतं होतं. १ लाखाच्या ठेवीवर हा फटका चौदा-पंधरा हजारांचा. पूर्वी याला तीन वर्षांच्या ठेवीचा दर मिळायचा. पैशाची गरज कधी लागेल याची खात्री नसेल तर पाच वर्षांच्या ठेवीऐवजी एकेका वर्षाच्या ठेवी करा. दर थोडा कमी, पण वर्ष झालं की पैसे मोकळे.

आरडीत हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला १ रुपया. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि ते दोन महिन्यांच्या आत सुरू करून घ्यावं लागतं. उलट बारा हप्ते एकदम भरले तर शंभर रुपयांमागे ४० रुपये सूट मिळते, म्हणजे महिना २,००० रुपयांच्या आरडीत ८०० रुपये. पोस्ट कर्ज देत नाही म्हणतात, पण आरडीत बारा हप्ते भरले असतील तर जमा रकमेच्या निम्मी रक्कम कर्जाऊ मिळते. व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त. अडीअडचणीला सोनं गहाण टाकण्याआधी हा दर विचारा.

आरडी गोळा करायला घरी येणाऱ्या महिला एजंटला सरकार ४ टक्के कमिशन देतं. खातेदाराने तिला चहाखेरीज काही द्यायचं नसतं. तिच्याकडचं कार्ड आणि तुमचं पासबुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे दिले की ती कार्डावर सही करते, पण रक्कम पोस्टात पोचली याचा पुरावा पासबुकातली छापील नोंदच. दोन-तीन महिन्यांनी पासबुक घेऊन दोन्ही ताडून पाहा. विश्वास असला तरी पाहा.

घरपोच बँक आणि आधारची गाठ

आता नवी बँक. आयपीपीबीत साधं खातं शून्य शिलकीवर उघडतं. बोटाचा ठसा आणि आधार असलं की काम उरकतं. व्याज दोन टक्क्यांच्या घरात, म्हणजे पोस्टाच्या निम्मं. यूपीआय आणि मोबाइल अ‍ॅप हवं असेल तर सरळ मार्ग हाच. पोस्टाचं बचत खातं तिला जोडून घेतलं की आरडी, पीपीएफ, सुकन्येचे हप्ते घरबसल्या भरता येतात आणि २ लाखांवरची शिल्लक दिवसअखेर आपोआप जुन्या खात्यात जाते. दोन्ही खाती ठेवून मोठी रक्कम पोस्टात आणि महिन्याच्या खर्चापुरती आयपीपीबीत, ही मांडणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

पोस्टमनला घरी बोलावून पैसे काढायचे किंवा भरायचे तर प्रत्येक खेपेचे २० रुपये आणि जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे. तालुक्याच्या गावी जायला एसटीला याहून जास्त लागतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला हे महाग नाही. वाडीवस्तीवरच्या शाखा डाकघरात जुन्या खात्यातून दिवसाला २०,०००पर्यंतच काढता येतात. मोठी रक्कम हवी असेल तर उपडाकघर गाठावं लागतं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. घरात स्मार्टफोन चालवणारं नातवंड असेल तर ‘जीवन प्रमाण’वर चेहरा दाखवून तो फुकट होतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आधारच्या जोडणीत. २०२४मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली आणि महिना दीड हजार आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले. त्यासाठी अनेकींनी पोस्टात नवी खाती काढली. थेट अनुदान एका वेळी एकाच बँकेत जातं, शेवटी जिच्याशी आधार जोडलं तिच्यात. नवं खातं उघडताना ‘सरकारी पैसे या खात्यात यावेत’ या रकान्यावर खूण झाली की किसान सन्मानपासून गॅसच्या अनुदानापर्यंत सगळंच तिकडे वळतं. बाई जुन्या बँकेत चकरा मारत राहते आणि पैसे पोस्टात पडलेले असतात. अर्जावरचा तो रकाना सही करण्याआधी वाचा. पैसे कुठे जातात ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं.

तक्रार कुठे

आयपीपीबी ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखालची बँक आहे. तिच्याकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. जुनी बचत बँक हे सरकारी खातं असल्यामुळे लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्यासाठी आधी पोस्टमास्तर, मग विभागाचे अधीक्षक, मग केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल किंवा वेळोवेळी भरणारी डाक अदालत. डाक खात्याचा मोफत क्रमांक १८०० २६६ ६८६८. फोन लावण्याआधी पासबुक हाती घ्या आणि खातं दोन्हींपैकी कोणतं ते बघून ठेवा. तक्रार चुकीच्या दारी गेली तर ती तिथेच पडून राहते.